पुडीसाठी घासलेले दात

मी पान खाल्लं नव्हतं.

हे मी नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं, जावेला सांगितलं, शेजारच्या जयम्माला कन्नडात सांगितलं, आणि एका फोटोग्राफरला सांगितलं, ज्याचं तोंड मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. एकानं विश्वास ठेवला असेल तर शप्पथ! तुम्ही तरी ठेवाल? राहू दे. कॉफी घ्या, ती निवायच्या आत सांगून टाकते, म्हणजे हसायला तुम्ही मोकळे.

तर आमच्या नागेशच्या डोक्यात आलं की घरची सांबार पुडी, म्हणजे सांबाराचा मसाला, विकायची. नागेश म्हणजे माझा मुलगा. बेळगोळच्या एका कारखान्यात नोकरी करतो, पण नोकरीत त्याचा जीव नाही. पुडी मात्र माझी. तीस वर्षं करतेय. धणे कुठल्या वासाला उतरवायचे, ब्याडगी मिरची किती, हरभऱ्याची डाळ किती, सगळं माझ्या हाताला माहीत. इथं म्हैसुरात, नजरबादच्या आमच्या गल्लीत माझी पुडी नेलेली नाही असं एक घर दाखवा.

"आई, पाकिटावर एका बाईचा फोटो हवा," नागेश म्हणाला. "घरातली बाई, छान हसणारी. लोकांना विश्वास वाटतो."

"मग काढ की माझा. अडलंय कुठं?"

नागेश छताकडे बघायला लागला. आमची सून तेजू कोल्हापूरकडची आहे. बोलायला गोड, कामाला वाघीण, पण खोटं बोलायला तिला कुणी शिकवलंच नाही. ती म्हणाली, "आई, तुम्ही हसलात तर…"

"तर काय?"

"तर दात दिसतील."

घ्या! आता हसल्यावर दात नाही तर काय गुडघे दिसतील? पण ती काय म्हणतेय ते मला कळलं. पंचवीस वर्षं मी पान खाल्लंय. साधंसुधं नाही, म्हैसूरचं कोवळं चिगुरेलं, दिवसाला सहा. त्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ फिल्टर कॉफी. माझे दात जुन्या पितळी भांड्यासारखे झाले होते, आणि तेही न घासलेल्या.

तेवढ्यात आमच्या थोरल्या जाऊबाई सरोजक्का बोलल्या. त्या खालच्या मजल्यावर राहतात, पण त्यांचे कान वरच्या मजल्यावर असतात. त्यांची कवळी आहे. दिवसा तोंडात, रात्री वाटीत. आणि पांढरी म्हणजे अशी पांढरी, की मल्लिगेच्या कळ्या ओवून बसवल्यात!

"माझा काढ की रे नागेश," त्या म्हणाल्या. "मला काय, मी सुम्ने, नुसती बसेन आणि हसेन."

सुम्ने बसेन! ज्या बाईनं आयुष्यात मिरची भाजली नाही, दर महिन्याला रिकामा डबा घेऊन जिना चढून वर आली, तिचं तोंड माझ्या पुडीवर? मी म्हटलं, "अक्का, तुमचे दात पाकिटावर चढवायचे तर खाली लिहावं लागेल की दात दुसऱ्याचे, पुडी तिसऱ्याची!"

त्या खाली निघून गेल्या. जिन्यातूनच म्हणाल्या, "निदान माझे दात दिसायला तरी बरे आहेत, कमलाक्षी."

नागेशनं शेवटी अट घातली. "आई, चार महिने पान सोड. दात जरा सुधारले तर तुझा फोटो. पण या चार महिन्यांत एक जरी पान खाल्लंस, तर काकूचा. कबूल?"

"कबूल."

आणि मी सोडलं हो. अडकित्ता देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला, चुन्याची डबी जयम्माला देऊन टाकली. लग्नात हातावर विडा ठेवला तर तो पिशवीत घालून आणायचे आणि गल्लीतल्या गाईला द्यायचे. गाय माझ्याकडे बघत चावायची. चार महिने मी गाईच्या तोंडाकडे बघत काढलेत, आहात कुठं!

फोटोग्राफर रविवारी येणार असं ठरलं. सोमवारी सकाळी आरशासमोर उभी राहून हसून बघितलं. पितळ ते पितळच. पान सुटलं होतं, पण जाताना आपला रंग घेऊन गेलं नव्हतं.

"आई, डेंटिस्टकडे जाऊया," तेजू म्हणाली.

"माझ्या तोंडात यंत्र घालणारा अजून जन्मायचाय."

"मग घरचे उपाय करा. फोनमध्ये खूप आहेत."

तिनं मला फोनवर व्हिडिओ लावून दिला. त्यात एक बाई. तिचे दात बघून माझेच डोळे दिपले. मागं स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरात तेलाचा एक डाग नाही! स्वयंपाक करत नसणार, दुसरं काय. ती म्हणाली, सकाळी उठल्यावर खोबरेल तोंडात धरा आणि वीस मिनिटं खळखळवा.

मंगळवारी धरलं. वीस मिनिटं मी गप्प. माझं लग्न झाल्यापासून या घरात वीस मिनिटांची शांतता पहिल्यांदा झाली. आमचे हे पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवून इकडंतिकडं बघितलं. मी तेल थुंकून आले तर म्हणतात, "संध्याकाळी पण करावं लागतं का गं हे?"

दातांवर काडीचा फरक नाही.

बुधवारी केळ्याची साल. त्या बाईनं नुसतं केळं म्हटलं होतं, मी नंजनगूडचं रसबाळं आणलं. म्हटलं, करायचं तर चांगलं करावं. सालीची आतली बाजू दातांवर घासली. दात तसेच राहिले, केळी मात्र सहाच्या सहा संपली.

गुरुवारी कोळसा. जयम्माच्या बंबातला कोळसा कुटून, गाळून दातांना लावला आणि घासत दारात उभी राहिले. दूधवाला सायकलवरून उतरला, माझ्याकडे बघितलं आणि दूध न देताच पुढं गेला. तोंड धुतल्यावर दात होते तसे, आणि हिरड्यांच्या कडेनं काळी किनार! पितळेला काळे काठ, पैठणीच्या वर!

शुक्रवारी फोनमधली बाई म्हणाली, हळद. हळद थोड्या तेलात कालवून लावायची. मला खरं तर तेव्हाच हसू यायला हवं होतं. पण तिचे दात दिसत होते ना समोर! त्यातच तेजू म्हणाली, "आमच्याकडे आजी कधीतरी चिमूटभर खायचा सोडा लावायची. रोज नाही हं आई, महिन्यातून एकदा."

मी विचार केला. उद्या शनिवार. परवा फोटो. महिन्यातून एकदा करायला माझ्याकडे महिना कुठंय? हळद आणि सोडा एकदमच लावू. दोन्ही पोटात जाणाऱ्याच वस्तू!

आणि इथं माझं माहेर आड आलं.

आम्ही रंगारी. माझ्या वडिलांच्या घरी लुगडी रंगवायचे. आता हौद बुजवून तिथं स्कूटरी लावतात, पण मी त्या हौदांच्या काठावर वाढलेय. शाळा माझी चौथीपर्यंत. रंगाच्या बाबतीत विचाराल तर मास्तरांना शिकवीन. मला वाटलं, समजा उद्या दात पांढरे झाले. ते परवापर्यंत राहतील कशावरून? रविवारी सकाळची कॉफी प्यायली की गेले धुऊन! कापडावर काही टिकवायचं तर काय करतात? आधी तुरटीच्या पाण्यातून काढतात. तुरटीनं धरलं की सुटत नाही. हे फोनमधल्या बाईला कुठून सुचणार? तिच्या बापानं कधी हौद बघितलाय?

म्हणजे बघा, मी पांढरेपणा पक्का करायला निघाले होते! पांढऱ्याला कुणी पक्कं करतं का हो? पण त्या वेळी माझ्या हुशारीवर मीच खूश होते.

शनिवारी लष्कर मोहल्ल्यात गेले, तिथल्या ग्रंदिगे अंगडीत. पूजेचं सामान, मुळ्या, काढ्याच्या काड्या मिळतात ते दुकान. तुरटी मागितली. दुकानदार आत शोधायला गेला, मी बाहेर उभी. आता दुकानाला लागून पानाची टपरी आहे ती काय मी बांधली? पानवाला जुन्या ओळखीचा. म्हणाला, "एनम्मा, बरेच दिवसांनी!" मी म्हटलं, "सोडलं बाबा." एवढंच. तेवढ्यात समोरून रिक्षा गेली आणि रिक्षात आमच्या सरोजक्का! देवळातून येत होत्या. बघितलं, हसल्या आणि गेल्या. मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

घरी येऊन दुपारी दार लावलं. तुरटी उगाळली. आधी तिच्या पाण्यानं चांगल्या दहा गुळण्या केल्या, मग उगाळलेली दातांना चोळली. तोंड असं आखडलं की ओठ दातांना चिकटले. त्यावर हळद. त्यावर सोडा. चिमूटभर म्हणे! मी चमचाभर घेतला. तोंडात फेसच फेस. पंधरा मिनिटं घड्याळ बघत उभी राहिले आणि थुंकले.

लाल!

मला वाटलं रक्त. "अहो!" म्हणून ओरडले. आमचे हे धावत आले. त्यांनी मोरीत बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. तोंड लालभडक. मला वाटलं विचारतील, लागलं का, दुखतंय का.

"पान?" ते म्हणाले.

बास. तीस वर्षांच्या संसारात एवढा एक शब्द!

"पान कुठलं? हळद आहे ही!"

"हळद पिवळी असते."

"सोडा पण आहे!"

"सोडा पांढरा असतो."

आता या माणसाशी काय बोलायचं? मी पुन्हा सोडा घेतला. म्हटलं, सोड्यानं निघेल. घासला. आणखी लाल! पुन्हा घासला, त्याहून लाल. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मला नव्हतं का? मी तर रंगाऱ्याची पोर! पण घाबरलेल्या माणसाला काय माहीत असतं? मी घासत राहिले.

संध्याकाळी नागेश आला. मी पदर तोंडाला लावून बसलेले.

"आई, काय झालं?"

"काही नाही."

"पदर काढ."

काढला. नागेश खुर्चीत बसला. रागावला असता तर मी चार शब्द ऐकवले असते. पण तो हळूच म्हणाला, "आई, एक दिवस राहिला होता गं. एकच दिवस."

"मी खाल्लं नाही रे!"

"मग हे काय आहे?"

खालून जिना वाजला. सरोजक्का. "मी काही बोलणार नव्हते," असं म्हणून बोलायलाच लागल्या. "पण आज लष्कर मोहल्ल्यात मी या कमलाक्षीला टपरीवर बघितलं. पानवाल्याशी हसून बोलत होती."

"मी तुरटी आणायला गेले होते!"

"पानाच्या टपरीवर तुरटी?"

"शेजारी! शेजारच्या दुकानात!"

"बरं बाई, शेजारी," त्या म्हणाल्या. त्या 'बरं बाई'ला मी त्यांची कवळी लपवायला हवी होती.

मग जयम्मा आली. माझं तोंड बघून तिनं दोन्ही हात गालांना लावले. "अय्यो! एन्री इदु? तोंडात ओकुळी केलीत का?" ओकुळी म्हणजे आमच्याकडे नव्या जोडप्यावरून ओवाळतात ते हळद-चुन्याचं लाल पाणी. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात ते पाणी कालवायला मलाच बोलावतात. मी तिला कन्नडात सगळं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "एक पान खाल्लं म्हणून काय होतंय हो? मला सांगा ना, मी डबी परत दिली असती."

एकटी तेजू म्हणाली, "आई खोटं बोलत नाहीत." मला बरं वाटलं. लगेच पुढं म्हणाली, "पण वास घेऊन बघूया का?"

घेतला! सुनेनं माझ्या तोंडाचा वास घेतला! कोळसा, खोबरेल, केळं, सोडा… काहीच कळलं नाही तिला.

रविवार उजाडला. रात्रभर चुळा भरून तोंडाची सालं निघाली, पण दात विटेच्या रंगाचे ते विटेच्याच रंगाचे. फोटोग्राफर दहाला आला. कोवळा मुलगा. खोलीत पांढरा पडदा लावला, खुर्ची ठेवली. मी नवी साडी नेसून बसले आणि ओठ मिटून घेतले.

"स्वल्प नगी, अम्मा," तो म्हणाला. जरा हसा.

मी ओठ न उघडता हसले. तो म्हणाला, "अम्मा, पोटात दुखतंय का?"

मी उघडून हसले. त्यानं कॅमेरा खाली घेतला. मी म्हटलं, "पान नाही हं हे." तो म्हणाला, "असू दे अम्मा, माझी आजी पण खाते."

सरोजक्का दारात उभ्या होत्या. रेशमी साडी नेसून! सकाळी दहाला कुठल्या देवाला चालली होती ही बाई, तुम्हीच सांगा.

तेवढ्यात दत्तूकाका आले. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर हौदात हात घालून नखं निळी झालेली. फोटोनंतर जेवायला मीच बोलावलेलं. आपल्या पोरीचा मान बघतील म्हणून. कानानं कमी ऐकू येतं. मी त्यांना बघितलं आणि मला रडूच फुटलं.

"काका, मी पान खाल्लं नाही. कुणी ऐकत नाही माझं."

"आं?"

"पान! खाल्लं नाही!"

काकांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कापड बघतात तसं बघितलं. खिशातून पांढरा रुमाल काढून दातांवर घासला. रुमाल पांढराच. मग तेजूला म्हणाले, "लिंबू आण." लिंबाची फोड माझ्या पुढच्या दोन दातांवर फिरवली. दात पिवळेधमक!

"हे पान नव्हे," काका म्हणाले. "पानाचा रंग रुमालाला लागला असता, आणि लिंबानं असा पालटला नसता. ही हळद. पोरगी खरं बोलतेय."

अहाहा! काय सांगू तुम्हाला! मी कमरेला पदर खोचला आणि एकेकाकडे बघितलं. आमचे हे छताकडे बघायला लागले. नागेश म्हणाला, "सॉरी आई." सरोजक्का दारातून एक पाऊल मागं सरकल्या. मी म्हटलं, आता एकेकाची हजेरी घेते.

पण काका खाली बसले होते. त्यांच्यातला रंगारी जागा झाला होता.

"हळद कुणी सांगितली?" त्यांनी विचारलं.

"फोननं," नागेश म्हणाला.

"सोडा?"

तेजूनं मान खाली घातली. "मी सांगितला, काका. पण चिमूटभर. आणि नुसता."

"एवढ्यानं काही होत नाही. हळद-सोडा कालच धुऊन गेला असता. हा जात नाही म्हणजे याला धरलंय कुणीतरी." काकांनी पुन्हा माझी हनुवटी वर केली. "तुरटी आहे ही. आणि घोटून लावलीय. निदान पंधरा दिवस तरी हलणार नाही. तुरटी कुणी सांगितली?"

 मी फोनमधल्या बाईला आठवून बघितलं. ती तुरटी म्हणाली होती का? जयम्मा म्हणाली होती का? सरोजक्कांकडे तर मी फार आशेनं बघितलं. त्या मात्र एव्हाना खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. फोटोग्राफर म्हणाला, "स्वल्प नगी, अम्मा," आणि त्या मनापासून हसल्या. वरच्या आणि खालच्या सगळ्या दातांनी. कॅमेरा खटखट वाजत राहिला. तोच फोटो आज माझ्या पुडीवर आहे.

"अगं, कुणी सांगितली तुरटी?" काका म्हणाले. "रंगाऱ्याच्या घरात एवढं अडाणी कोण निघालं? नाव सांग. मी बोलतो त्याच्याशी."

मी नाव पुटपुटले.

"आं? मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू दे."

"कमलाक्षी!"